उसने दिले नाहीत, त्याबद्दल आभार

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

शेवटचं कर्ज फिटलं. बेबाकीचा दाखला हातात आला तसा त्याचा फोटो तुम्हाला पाठवला, आणि तुमचं उत्तर आलं, "मूळ कागद जपून ठेव." आभारप्रदर्शन तुम्हाला आवडत नाही, हे ठाऊक आहे. तरी हे पत्र चारचौघांसमोर लिहितेय, कारण तुम्ही जी मदत केलीत ती मागायची असते हेच पुष्कळांना सुचत नाही, आणि ती आपण कुणाला करू शकतो हेही.

बाबांच्या आजारपणात पैसा कसा गेला ते तुम्ही पाहिलंय. तो खर्च मी आजही तसाच करीन. उपचार संपले आणि मागे देणी उरली: दोन क्रेडिट कार्डं, एक वैयक्तिक कर्ज, ऑफिसातून घेतलेली उचल आणि मैत्रिणीकडून आणलेले हातउसने. फोन वाजला की पोटात गोळा यायचा. तुमच्याकडे आले ती उसनेच मागायला. तुम्ही आढेवेढे न घेता म्हणालात, "मी दिले तर तुझ्या यादीत आणखी एक नाव वाढेल. यादी आण, आपण बसू." त्या दिवशी मला फार लागलं होतं, ताई. आज वाटतं, तेव्हा तुम्ही पैसे काढून दिले असते तर ती यादी मी कधीच केली नसती.

तुम्ही कागद आडवा धरून पट्टीने रेघा मारल्यात. कोणाचं देणं, मुद्दल किती बाकी, व्याजाचा दर, हप्ता, तारीख. हिशेब विभागात उभा जन्म काढलेल्या माणसाचे ते रकाने होते. मी रडवेली होऊन कहाणी सांगायला लागले की तुम्ही ऐकून घ्यायचात आणि मग हळूच विचारायचात, "आणि याची तारीख?" कशाला घेतलं, इतकं का घेतलं, असं एकदाही विचारलं नाहीत. कर्जात असलेल्या माणसाला सल्ले देणारे पावलोपावली भेटतात. शेजारी बसून बेरीज करणारं कुणी भेटत नाही.

कार्डाच्या बिलावर ठळक छापलेली ती 'किमान रक्कम' तुम्ही मला उलगडून दाखवलीत. समजा बाकी १०० आहे. महिन्याला ३ टक्के व्याज लागलं की १०३ झाले. त्याचे ५ टक्के, म्हणजे ५.१५ भरले, की उरले ९७.८५. नवी खरेदी अजिबात न करता याच चालीने भरत राहिलं, तर बाकी नुसती निम्मी व्हायला अडीच वर्षांहून जास्त काळ लागतो! आणि महिन्याचे ३ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण वर्षाचे ते ३६ होतात. व्याजावरचं व्याज धरलं तर ४२.६. काहीच भरलं नाही तर रक्कम दुप्पट कधी होईल, हे तुम्ही तोंडी सांगितलंत: ७२ ला दराने भागायचं, म्हणजे साधारण २४ महिने. हा ठोकताळा १४९४ साली छापलेल्या लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाच्या ग्रंथातही आहे, हे सांगताना तुमचा चेहरा खुलला होता. प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे असा दोन्हीकडे लिहायची ती हिशेबाची द्विनोंदी पद्धत ज्याने पुस्तकात मांडली तोच हा माणूस, हेही तेव्हाच कळलं.

वैयक्तिक कर्जाचा '१२ टक्के फ्लॅट' हा दरही तुम्हीच सोलून दाखवलात. मुद्दल दर महिन्याला कमी होतं, पण व्याज मात्र अखेरपर्यंत मूळ रकमेवरच मोजलेलं असतं. त्यामुळे वर्षभराच्या मुदतीत तोच दर घटत्या शिल्लकेवर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. इतक्या साध्या गोष्टी शाळेत का शिकवत नाहीत, याचा मला अजून राग येतो.

आधी कोणाचं फेडायचं? गणित सांगतं, जास्त व्याजाचं आधी. काहीजण म्हणतात, सगळ्यात लहान कर्ज आधी मिटवा, म्हणजे हुरूप येतो. तुम्ही मैत्रिणीचं नाव वर काढलंत, जिथे व्याज शून्य होतं. "तिला तारीख सांग आणि थोडे थोडे दे. तोंड चुकवायला लागलीस तर मैत्रीण जाईल, आणि ती पुन्हा कुठल्या दराने मिळणार नाही." तिचे फिटले आणि मग कार्डांकडे वळलो. बाकीच्यांना हप्ता चुकायच्या आधी फोन करायचा, मुदत वाढवून मागायची आणि जे ठरेल ते लेखी घ्यायचं, हेही तुमचंच. पहिला फोन मी तुमच्यासमोर बसून केला. आवाज कापत होता. पलीकडच्या माणसाने सरळ कर्ज क्रमांक विचारला आणि कामाचं बोलायला लागला.

एकाच गोष्टीवरून मी तुमच्याशी वाद घातला होता. डोक्यावर ३६ टक्क्यांचं व्याज असताना बाजूला शिल्लक कशाला ठेवायची? तुम्ही हटला नाहीत. "अडीअडचणीला हाताशी काही नसेल तर पुढची अडचण पुन्हा कार्डावरच जाईल." म्हणून पगार झाला की पहिल्याच दिवशी थोडी रक्कम वेगळ्या खात्यात जायची. वर्षातून एकदा येणारे विम्याचे, फीचे, दुरुस्तीचे खर्च बाराने भागून दर महिन्याला बाजूला पडायचे. पुढे लॅपटॉप बिघडला तेव्हा त्याच शिल्लकेतून नवा आला आणि कार्ड पाकिटातच राहिलं. वादात तुमचं बरोबर होतं. माझ्या काटकसरीच्या यादीतलं वाचनालयाची वर्गणी हे कलमही तुम्हीच खोडलंत. सगळं तोडलेला खर्चाचा आराखडा दोन महिने टिकत नाही, असं म्हणालात.

हप्ते संपले तरी तुमच्या सांगण्यावरून त्या तारखेला तेवढीच रक्कम आता माझ्या बचत खात्यात जाते.

आणखी एका गोष्टीसाठी आभार मानायचे आहेत. एवढ्या काळात ऑफिसात कुणाच्या कानावर यातलं अक्षर गेलं नाही. तुमच्या टेबलाशी मी कागद घेऊन बसलेली दिसले की तुम्ही "आमचं थोडं काम चाललंय," इतकंच म्हणायचात. त्या झाकल्या मुठीने मला रोज मान वर करून कामावर येता आलं. आज ती मूठ मी आपणहून उघडतेय, कारण आपल्याच मजल्यावर कुणीतरी फोन वाजला की दचकत असेल, आणि त्याने कुणाजवळ तरी यादी घेऊन बसावं, असं फार वाटतं.

हे पत्र लिहू का, म्हणून विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "लिही, पण आकडे बरोबर टाक." दोनदा ताडून पाहिलेत, ताई.

तुमची कृतज्ञ,
यादीवाली