देह द्यायचा तो आहे तसाच

प्रिय आई-बाबा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

बाबा, आता उपासनेत फार वेळ उभं राहवत नाही, गुडघे टेकता येत नाहीत, मग देवाला द्यायला उरलं काय, असं तुम्ही विचारलंत. फोनवर उत्तर अर्धवट राहिलं, म्हणून सविस्तर लिहिते.

रोमकरांस पत्राच्या 12व्या अध्यायात पौल आपली शरीरं जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करायला सांगतो. शरीर तरुण असावं, धडधाकट असावं, अशी अट तिथे कुठेच नाही. जुन्या करारात जनावर निर्दोष लागायचं हे खरं. पण ते निर्दोष अर्पण ख्रिस्तानं वधस्तंभावर एकदाच केलं. म्हणूनच पौल आधी देवाच्या करुणेचं नाव घेतो आणि मग आपल्याकडे मागतो. आपलं देणं उपकार फेडण्यासाठी नाही, की पापक्षमा विकत घेण्यासाठीही नाही. हा क्रम उलटला की भक्तीचं ओझं होतं. म्हातारपणी तर ते फारच जड वाटतं, कारण ‘करून दाखवणं’ कमी झालेलं असतं.

लेवीयचा पहिला अध्याय सावकाश वाचा, तो होमार्पणाचा, म्हणजे पूर्ण जाळायच्या अर्पणाचा आहे. दुसऱ्या अर्पणाशी ताडून बघा. शांत्यर्पणात चरबी वेदीवर जायची, ऊर आणि मांडी याजकाला मिळायची, आणि उरलेलं मांस अर्पण करणारा आपल्या माणसांसह खायचा. होमार्पणात असं काही उरत नसे. कातडं याजकाकडे जायचं, बाकी सगळं वेदीवर. आणि कामं कशी वाटलेली होती ते बघा. जनावराच्या डोक्यावर हात ठेवणं, ते कापणं, सोलणं, आतडी आणि पाय पाण्यानं धुणं हे आणणाऱ्याकडे. रक्त, लाकडं रचणं आणि आग हे याजकांकडे. आज मन पेटत नाही म्हणून आपलं अर्पण खोटं, असं आई तुला वाटतं ना? अगं, आग लावणं आणणाऱ्याकडे नव्हतंच. त्यानं आणायचं आणि हात ठेवायचा. ज्यांना गरिबीमुळे बैल किंवा मेंढरू जमत नव्हतं त्यांना पारवा चालायचा, आणि त्याचाही सुवास परमेश्वराला तितकाच प्रिय, असं तोच अध्याय सांगतो.

आता रोजचं कसं करायचं ते. निर्गमच्या 29व्या अध्यायात दररोज एक वर्षाची दोन कोकरं सांगितली आहेत, एक सकाळी, एक संध्याकाळी. प्रत्येकासोबत ठरलेल्या मापाचं सपीठ, तेल आणि द्राक्षारस. सण असो नसो, माप तेच. तुम्हीही दोन वेळा ठरवून टाका, सकाळी पंधरा मिनिटं, रात्री पाच. खुर्चीत पाठ टेकून बसा, दोन्ही पाय जमिनीला लागू द्या. एक स्तोत्र मोठ्यानं वाचा, 103 किंवा 51. मनात वाचलं की डोळे पुढे जातात आणि लक्ष मागे राहतं. मग पापाची कबुली द्या, पण मोघम नको. ‘आम्ही चुकलो’ म्हणून भागत नाही. कोणाला काय बोललो ते नाव घेऊन सांगा.

त्यानंतर अवयव एकेक करून द्या. रोम 6:13 मध्ये पौल अवयवच देवाला समर्पण करायला सांगतो. डोळे दिले, तर आज काय बघणार नाही? जीभ दिली, तर कोणाची निंदा थांबेल? कान दिले, तर कोणाचं ऐकून घ्यायचं राहिलंय? दुखरे गुडघेही द्या, त्यांना वगळू नका. शेवटी त्या दिवसाचं एकच काम ठरवा, संध्याकाळी तपासता येईल असं. एखाद्या आजाऱ्याला फोन, एखाद्याची क्षमा मागणं. प्रभूची प्रार्थना म्हणा आणि उठा. रात्री फक्त एवढंच विचारायचं, सकाळी दिलेलं मी दिवसात कुठे परत घेतलं?

परत घेतलं जातंच. जिवंत यज्ञाची अडचण ही की तो वेदीवरून उतरू शकतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवायचा. खरं बिघडतं ते वेगळीकडे. एक म्हणजे सौदा: ‘हे बरं कर, मग मी ते देईन.’ दुसरं म्हणजे प्रेषितांच्या कृत्यांतल्या हनन्या आणि सप्पीरा या नवरा-बायकोचं. जमीन विकून आलेले सगळे पैसे त्यांनी आणलेच पाहिजेत असं नव्हतं, पेत्र तसं स्पष्ट म्हणतो. थोडं ठेवून ‘सगळं दिलं’ म्हणणं हा गुन्हा होता. म्हणून जे अजून सोडवत नाही ते प्रार्थनेत सरळ सांगा. आणि मत्तय 5:23-24 विसरू नका. भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही असेल, तर अर्पण वेदीपुढेच ठेवून आधी समेट करायचा. बाबा, काकांचं तेवढं बघा. मी जास्त बोलत नाही.

उभं राहण्याबद्दल गणना 8 बघा. लेवी, म्हणजे दर्शनमंडपाची सेवा करणारा वंश, पंचविसाव्या वर्षी सेवेत लागत आणि पन्नासाव्या वर्षी कामातून मोकळे होत. नंतर दर्शनमंडपात भावांना मदत करीत, पण सेवेचं काम करीत नसत. ही निवृत्ती देवानंच लावून दिली आहे, तेव्हा उपासनेत बसून गायलात तर पाळकांपुढे संकोच कशाला? लूकमधली म्हातारी संदेष्टी हन्ना उपास करायची, पण तिचं नाव पुढे करून गोळ्या रिकाम्या पोटी घेऊ नका. उपासच करायचा तर टीव्हीचा करा.

दानाचं शेवटी लिहिते, कारण त्यावर आपला वाद होतो. दाविदानं वेदी आणि अर्पणासाठी अरवनाचं खळं आणि बैल फुकट घेतले नाहीत, 50 शेकेल चांदी मोजली, हे मला मान्य आहे. पण मार्क 7 मध्ये प्रभू कोणावर रागावतो? ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेलं, असं म्हणून आई-बापांच्या हक्काचं अडवायची मुलांना मुभा देणाऱ्या परूशी आणि शास्त्र्यांवर. आणि तीमथ्याला पहिल्या पत्रात पौल लिहितो की मुलांनी आई-बापांचे उपकार फेडावेत, हे देवाला मान्य आहे. म्हणजे तुमच्या औषधांचे पैसे हे माझं अर्पण आहे. ते वाचवून दानपेटीत टाकलेत, तर माझं अर्पण तुम्ही अडवलं असं होईल. तुमचा दशमांश तुमच्या पेन्शनमधून द्या, माझे पैसे औषधालाच लावा आणि या महिन्याची यादी पाठवा.

तुमची,
लेक