लोणारचे खारे पाणी खारेच राहू द्या

प्रति,
मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : लोणार सरोवरातील वाढते पाणी आणि तिथले पाणपक्षी

माननीय महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी लोणारच्या विवरात उतरलो. पाण्यात उभ्या असलेल्या वाळक्या वेड्या बाभळीवर एक पाणकावळा पंख पसरून वाळवत बसला होता. सोबतच्या मुलांनी पटापट फोटो काढले. मला मात्र तो पक्षी बघून धस्स झाले. पाणकावळा मासे खातो. तो इथे ठाण मांडून बसलाय, म्हणजे त्याला पाण्यात काहीतरी मिळते आहे. आणि लोणारच्या पाण्यात मासा जगू नये, हीच तर लोणारची ओळख.

वर आल्यावर चहाच्या टपरीवर हे बोललो, तर एक शेतकरी म्हणाले, "सर, पानी वाढलं त चांगलंच हाये ना. त्यात रडाचं काय?" त्यांचे चूक नाही. बुलढाणा जिल्ह्यात पाणी वाढल्याचे दुःख कोण करील? म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहितो आहे.

हे विवर म्हणजे उल्कापाताने बेसाल्टच्या खडकात पडलेला, पावणेदोन किलोमीटरहून जास्त रुंदीचा वाडगा. पाणी आत येते, बाहेर जायला वाट नाही. ते फक्त वाफेने जाते आणि क्षार मागे ठेवते. हजारो वर्षे हेच चालले, म्हणून पाणी असे झाले की हात बुडवला तर साबण लावल्यासारखा बुळबुळीत लागतो. जुन्या अभ्यासांत त्याचा सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) साडेदहाच्या आसपास नोंदला आहे. 'आईन-ए-अकबरी'तही इथे साबणाचा आणि काचेचा कच्चा माल मिळतो असा उल्लेख आहे.

या पाण्यात मासे, बेडूक नसत. असते ते हिरवे-निळे शेवाळ आणि त्यावर पोसलेल्या माश्यांच्या, चिलटांच्या अळ्या. त्या अळ्यांवर शेकाटे हे लांब पायांचे पाणपक्षी जगतात. पूर्वी काठाला राखाडी चिखलाचा, वर पांढरी पापडी धरलेला पट्टा असायचा. त्यात घोटाभर पाण्यात लाल काटक्यांसारख्या पायांवर शेकाटा उभा राही, चोच सुईसारखी आत-बाहेर. धोबी पक्षी शेपटी हलवत त्याच्या मागे. हिवाळ्यात चक्रवाकांच्या जोड्या, कधी थापट्या बदके. महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीच्या नोंदीत इथले १६० जातींचे पक्षी आहेत. संकटात असलेली लालसरी आणि पांढऱ्या मानेचा करकोचाही त्यात आहे. या वेळी तो पट्टाच नव्हता. पाणी थेट झाडीला भिडलेले. शेकाट्याने पाय ठेवायचा कुठे?

२०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा देशभर गवगवा झाला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले, की हा रंग मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा. म्हणजे पाणी आटून फार खारट झाले होते, एवढेच. तेव्हा आपण घाबरलो. आज पाणी चढत चढत काठावरच्या कमळजा देवीच्या देवळात शिरले, तरी वरून निळे-हिरवे छान दिसते, म्हणून पर्यटक खूश आहेत.

आता देऊळ वाचवायला पंप लावून पाणी उपसा, असा आग्रह होईल. देऊळ वाचलेच पाहिजे; नवरात्रात मीही तिथे जातो. पण साहेब, उपसलेल्या प्रत्येक टँकरबरोबर विरघळलेले क्षारही बाहेर जातील. वाफ क्षार मागे ठेवते, पंप ठेवत नाही. पाऊस त्या जागी गोडे पाणी भरील आणि हळूहळू आपल्याकडे एक साधे गाव-तळे उरेल. अशी तळी जिल्ह्यात पुष्कळ आहेत.

जे काय अडवायचे ते वरच अडवावे लागेल. गावाचे सांडपाणी विवरात एक थेंबही जाऊ नये. त्यातून गोडे पाणी तर येतेच, शिवाय शेवाळाचा तोल बिघडवणारे खतही येते. विवराच्या कडेला झऱ्याची धार पडते ते धारेचे तीर्थ भाविकांचे आहे, त्याला हात लावू नका. पण स्नान उरकल्यावर खाली वाहणारे पाणी शेताकडे नेता येईल का, हे भूजलाच्या जाणकारांकडून तपासून घ्या. पाऊस किती, झरे किती, आजूबाजूच्या तलावांतून झिरपून येणारे किती, हा हिशेब मांडल्याशिवाय कंत्राट काढू नका. बोटिंग आणि काठावरची रोषणाई हे विषय तर फायलीतच राहू द्या, ही हात जोडून विनंती.

आणि दर महिन्याला सामू, क्षारता, पाण्याची पातळी आणि पक्ष्यांची मोजणी करून ते आकडे अभयारण्याच्या फाटकावर फळ्यावर लिहा. खर्च खडूचा. २०१९ च्या नोव्हेंबरात राजस्थानच्या सांभर या खाऱ्या सरोवरावर हजारो पाणपक्षी बोट्युलिझमने, म्हणजे जिवाणूंच्या विषाने, मेले. तिथे गोष्ट कळली ती काठावर प्रेतांचा खच पडल्यावर. आपल्याकडे अजून फक्त एक पाणकावळा बसला आहे.

जानेवारीत देशभर पाणपक्ष्यांची गणना होते. त्या दिवशी लोणारला या. लवाजमा वरच ठेवा, सायरन नको. साडेसहाला आमची मुले वह्या घेऊन उतरतात, तुम्हालाही एक वही देऊ. जुने बूट घाला. शेकाट्यांचा चिखल उघडा पडला असेल तर पाय खोल रुततो.

आपला,
मेहकर तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक