ती बाटली मी घेऊन चाललोय

ती. आई-बाबांना सा. न.

तुम्ही उठाल तेव्हा मी गाडीत असेन. समोर बोललो असतो तर बाबांनी ‘बघू’ म्हणून विषय संपवला असता, म्हणून हे गोळ्यांच्या डब्याखाली ठेवतोय.

पुण्यातली ही खोली मी दिवाळीपर्यंत घेतलीय. पैसेही भरलेत. रागावू नका. बाबांना आईची किडनी बसवलीय; आता शरीराने ती नाकारू नये म्हणून घ्यायच्या टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन, यासाठी सारखं पुण्याला यायचंच आहे. बार्शीहून एसटीने, तासातासाला लघवीची घाई घेऊन? इथे बाथरूम कॉटपासून चार पावलांवर आहे, गीझर आहे, खाली दूध मिळतं. तुळशीला काकू पाणी घालतात, आई. मी फोटो मागवतो.

बाबा, काल रात्री तुम्ही पिण्याच्या पाण्याचा भरलेला तांब्या मोरीत ओतलात. पाहिलं मी. आईची झोप मोडू नये म्हणून ना? चार वर्षं लघवीचा थेंब नव्हता, चहासकट सगळं एका लिटरच्या बाटलीत बसवलंत. सवय लगेच कशी सुटेल? पण आयसीयू आठवा. सिस्टर दर तासाला लघवीची पिशवी मोजायच्या नि त्या हिशेबाने सलाईन चढवायच्या. पहिल्या 24 तासांत 13 लिटर! ‘हिची किडनी हिच्यासारखीच, थांबतच नाही,’ म्हणालात, आणि आई टाके धरून हसली. साठलेला युरिया पाणी ओढून नेत होता, नव्या किडनीला लघवी घट्ट करणं अजून जमत नव्हतं. आता साडेतीनवर आलंय. सारखं जावं लागतं ते इतकी वर्षं रिकामं राहून मूत्राशय आक्रसलंय म्हणून. शिवाय आत स्टेंट, म्हणजे छोटी नळी आहे, ती निघेल.

तर डॉक्टरांनी सांगितलेले तीन लिटर प्यायचेच, पण सातच्या आत संपवा. नंतर गोळ्यांपुरतं. लघवी मापाने वहीत लिहायची, अंदाजाने नाही. रोज सकाळी वजन. लघवी एकदम घटली, किंवा प्यायल्यापेक्षा खूपच जास्त होऊन चक्कर आली, किंवा ताप आला, तर आधी हॉस्पिटलच्या कोऑर्डिनेटरना फोन, मग मला. लेव्हलच्या दिवशी सकाळची टॅक्रोलिमस रक्त दिल्यावरच. आई, स्टेरॉइडने साखर चढते, साखर चढली की लघवीही वाढते. तेव्हा गोड शिरा करणं बंद. आणि तुलाही आता एकच आहे गं. निळा तांब्या तुझा.

परसातल्या संडासाबाहेर बॅटरी धरून उभे राहायचात ना, बाबा? ‘आहे मी, सावकाश होऊ दे.’ पॅसेजमध्ये दिवा लावलाय. तरी आईला हाक मारा, ती जागीच असते.

बाटली माझ्या बॅगेत आहे, शोधू नका. शनिवारी येतो.