परवान्याची तारीख विचारणाऱ्या ताईंना

ताई,
सा. न. वि. वि.

मागे मी आभाराचा मेसेज केला तेव्हा तुम्ही ‘अहो, त्यात काय एवढं’ म्हणून विषय संपवलात आणि उलट माझ्याच गुडघ्याची चौकशी केलीत. म्हणून म्हटलं, आता चारचौघांना वाचता येईल असंच लिहावं. नाव घालू नका म्हणालात, नाही घातलं. तुमच्या शहराचं नावही लिहीत नाही, कारण तिथल्या एका कचेरीबद्दल थोडं बोलावं लागणार आहे आणि जर्मनीत शिकायला आलेल्या आमच्या चिरंजिवांना अजून तिथेच राहायचं आहे!

मी तहसील कार्यालयात अव्वल कारकून आहे. उत्पन्नाचे दाखले, डोमिसाइल, नॉन-क्रीमी लेयर, सगळं आमच्या टेबलावरून जातं. जून-जुलैत ॲडमिशनच्या दिवसांत आमच्या व्हरांड्यात उभं राहायला जागा नसते. त्यामुळे कागदपत्रांचं मला तसं भय नाही. पण ती कचेरी सात समुद्रापलीकडे, भाषा परकी आणि अर्जदार आपलाच पोरगा, असं झालं की भले भले गडबडतात.

इथून जाईपर्यंतच आमची दमछाक झाली होती. भारतातल्या विद्यार्थ्यांना नोव्हेंबर 2022 पासून एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे इथले शिक्षणाचे कागद तपासल्याचा दाखला, सक्तीचं झालंय, त्याचे 18,000 रुपये. मग ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे तिथल्या राहण्याच्या खर्चाचं, महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येणारं खातं. 2023 साली एका वर्षाचे 11,208 युरो त्यात आधीच भरून ठेवावे लागत. (सप्टेंबर 2024 पासून ती रक्कम 11,904 झाली, म्हणजे महिन्याला 992.) त्यासाठी यांनी पतसंस्थेचं कर्ज काढलं. मुंबईहून पासपोर्टवर व्हिसा लागून आला तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं, गंगेत घोडं न्हालं. ज्यांच्यामार्फत गेलो त्या कन्सल्टन्सीवाल्यांनी पेढे खाल्ले आणि त्या दिवसापासून फोन उचलणं बंद केलं. पासपोर्टवरचा तो व्हिसा फक्त काही महिन्यांचा असतो, तिथे पोचल्यावर तो संपायच्या आत राहण्याचा परवाना वेगळा मागावा लागतो, हे आम्हाला कुणी धड सांगितलंच नव्हतं.

ते तुम्ही सांगितलंत, तेही तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत. पोरगा नवा नवा आलेला. बाकीचे ‘जेवतोस ना नीट?’, ‘थंडीचे कपडे घेतलेस का?’ असं विचारत होते. तुम्ही त्याच्या हातात मोदकाची ताटली दिलीत आणि विचारलंत, “व्हिसा कधी संपतो?” त्याला तारीख सांगता येईना. “ताटली ठेव आणि पासपोर्टचा फोटो काढ मोबाइलमध्ये,” असं तुम्ही त्याला फर्मावलंत. रात्री फोनवर तो जरा नाराजच होता. म्हणाला, एक काकू भेटल्या, फार खडूस आहेत. मी त्याला म्हटलं, त्यांना धरून राहा.

त्यानंतरची सगळी उतरंड तुम्ही त्याला समजावून दिलीत. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग. त्यासाठी घरमालकाने सही केलेला कागद. मग आरोग्य विमा. हे सगळं हातात असेल तर परदेशी नागरिकांच्या कचेरीत, आउसलेंडरबेहोर्डेत, परवान्याचा अर्ज. एक कागद अडला की पुढचे सगळे अडतात. ही साखळी मला लगेच कळली, आमच्याकडेही रहिवासी पुराव्यावाचून पुढचं काही हलत नाही. पण दर सेमिस्टरला ठरलेल्या मुदतीत फी भरून नाव पुन्हा नोंदवायचं असतं, ते राहिलं तर विद्यापीठ नाव कमी करतं, आणि नाव कमी झालं की ज्यासाठी परवाना मिळाला ते कारणच उरत नाही, हे माझ्या डोक्यात कधी आलं नसतं. विम्याचे हप्ते थकले तरी शेवट तिथेच होऊ शकतो. तुम्ही त्याला या सगळ्या तारखा एका कागदावर लिहायला लावल्यात आणि तो कागद फ्रिजवर चिकटवायला लावलात. व्हिडिओ कॉलवर दर वेळी तो मला मागे दिसायचा.

दुसरा प्रसंग कामाचा. विद्यार्थ्यांना तिथे वर्षात किती दिवस काम करता येतं याची मर्यादा आहे. मार्च 2024 पासून ती 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस झाली, त्याआधी 120 आणि 240 होती. चार तासांपर्यंतचं काम म्हणजे अर्धा दिवस. विद्यापीठातच प्राध्यापकांच्या हाताखालचं काम, ज्याला ही पोरं ‘हिवी’ म्हणतात, ते या हिशेबात धरत नाहीत. तुम्ही त्याला वही घालायला लावलीत, दिवस आणि तास. मला हसू आलं, कारण आमच्याकडे हजेरी मस्टर याहून ढिसाळ असतं.

त्याच सुमारास त्याच्या ओळखीतल्या एकाने सुचवलं की खाणं पोचवण्याच्या ॲपवर माझ्या नावाचं खातं आहे, तू चालव, पैसे वाटून घेऊ. वर कुणाला कळणार नाही म्हणे. पोराला मोह झाला असणार. कर्जाचा हप्ता त्यालाही दिसत होता. तुम्ही त्याला घरी बोलावून थालीपीठ वाढलंत आणि सांगितलंत, विद्यार्थ्याच्या परवान्यावर स्वतंत्र धंदा वेगळ्या परवानगीशिवाय करता येत नाही, इथे तर दुसऱ्याचं नाव वापरायचं आहे. सायकलचे चार पैसे मिळतील आणि दोन वर्षांचं शिक्षण जाईल. मग दुसऱ्याच आठवड्यात विद्यापीठात हिवीच्या जागा निघाल्याची लिंक पाठवलीत. नुसता उपदेश करणारे मी पुष्कळ पाहिलेत, लिंक पाठवणारे कमी.

आता मुख्य गोष्टीवर येते.

अभ्यासक्रम चार सेमिस्टरचा, पण थीसिस लांबला. त्या विद्यापीठात अर्ध्याअधिक मुलांचा लांबतो म्हणे. परवाना संपत आला आणि मुदतवाढीसाठी त्या कचेरीची वेळच मिळेना. तिथे ‘टर्मिन’, म्हणजे भेटीची वेळ, घेतल्याशिवाय कुणी दारात उभं करत नाही, आणि संकेतस्थळावर रोज एकच ओळ: सध्या एकही वेळ उपलब्ध नाही. पोरगा रात्री बारा वाजता बघतोय, पहाटे उठून बघतोय. ई-मेलला उत्तर नाही. फोन लागला तर संगीत वाजतं. तो मला म्हणाला, आई, तारीख उलटली तर मी बेकायदा होणार का? इथे बसून काय उत्तर देणार होते मी? यांनी तर रात्री बीपीची गोळी घेतली का नाही हेही विसरायला सुरुवात केली.

तुम्ही मात्र शांत. तुम्ही त्याला सांगितलंत ते मी त्याच्याकडून शब्दशः लिहून घेतलं आहे: “वेळ मिळणं त्यांच्या हातात आहे, अर्ज देणं तुझ्या. कायद्याला अर्ज मुदतीच्या आत हवा, भेट नव्हे.” त्यांच्या निवास कायद्याचं 81 वं कलम, चौथा परिच्छेद. परवाना संपायच्या आत मुदतवाढ मागितली असेल, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू असल्याचं धरलं जातं. तारखेच्या आत अर्ज तिकडे पोचला पाहिजे आणि पोचल्याचा पुरावा आपल्याकडे पाहिजे.

मग तुमच्या जेवणाच्या टेबलावर फाइल तयार झाली. मी व्हिडिओवर होते, मला बोलायला वाव नव्हता पण बघायला मिळालं. अर्ज, पासपोर्टची प्रत, परवान्याच्या कार्डाच्या दोन्ही बाजू, विद्यापीठात नाव असल्याचा दाखला, आतापर्यंतचे गुण, विम्याचं पत्र, भाडेकरार, खात्यातली शिल्लक, पगाराच्या स्लिपा, आणि थीसिस किती राहिला आहे याचं प्राध्यापकांचं पत्र. प्रत्येकावर पेन्सिलीने क्रमांक. वर एक पानाचं आवरणपत्र आणि त्याखाली ‘सोबत’ म्हणून क्रमाने यादी. ई-मेलने एक प्रत, आणि पोस्टाने दुसरी, पोच कार्डासह. आपली रजिस्टर एडीच की! सात-आठ दिवसांनी ते कार्ड शिक्का होऊन परत आलं त्याचा फोटो मुलाने पाठवला. तारीख परवान्याच्या आतली. खरं सांगते ताई, आमच्याकडे वकिलांनी आणलेल्या फायलीही इतक्या नीट नसतात. इतका नेटका अर्ज माझ्या टेबलावर आला तर त्यात त्रुटी काढायची माझी हिंमत होणार नाही.

तारीख उलटली, कचेरी गप्पच. तो तेव्हा एका कंपनीत विद्यार्थी म्हणून आठवड्याचे काही तास काम करत होता. त्यांच्या एचआरने कळवलं, चालू परवान्याची प्रत द्या, नाहीतर सोमवारपासून येऊ नका. त्यांचंही चुकलं म्हणता येत नाही, परदेशी माणसाच्या परवान्याची प्रत ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. तुम्ही त्या रात्री जर्मनमध्ये अर्ध्या पानाचं पत्र लिहून दिलंत, कलमाचा उल्लेख, पोच कार्डाची तारीख, आणि शेवटी विनंती की फिक्शन्सबेशाइनिगुंग, म्हणजे निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू असल्याचा दाखला, द्यावी, नोकरी जाण्याची वेळ आली आहे. ते घेऊन तो पहाटेपासून कचेरीच्या दारात उभा राहिला. टर्मिन नव्हताच. दारावरच्या माणसाने पत्र वाचलं, पोच कार्ड पाहिलं आणि आत सोडलं. 13 युरो भरून कागद हातात आला.

मला वाटलं संपलं. तुम्ही म्हणालात, “कागद उघड आणि कॅमेऱ्यासमोर धर. तीन चौकोन आहेत ना? खूण कुठल्यात आहे?” पोराने लक्षही दिलं नव्हतं. खूण तिसऱ्या चौकोनात होती. तेव्हा कुठे तुम्ही खुर्चीला पाठ टेकवलीत.

त्या खुणेचं मोल आम्हाला पुढच्या महिन्यात कळलं. सासूबाईंची तब्येत एकदम बिघडली, नातवाला बघायचं म्हणून हट्ट धरून बसल्या. खूण पहिल्या चौकोनात असती तर तो जर्मनीबाहेर पडू शकला असता, पण त्या कागदावर परत आत येता आलं नसतं. तिसऱ्या चौकोनाचा अर्थ जुना परवाना चालू आहे असा, त्यामुळे परतीची वाट मोकळी. तरीही तुम्ही त्याला बजावलंत: संपलेलं कार्ड फेकू नकोस, पासपोर्ट, कार्ड आणि कागद तिन्ही एकत्र ठेव, आणि मधे दुसऱ्या देशात विमान बदलू नकोस, थेट फ्रँकफर्टचंच घे. जर्मनीला परतताना मुंबई विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने तो कागद उलटसुलट केला, वरिष्ठांना बोलावलं, त्यांनी तिसरा चौकोन पाहिला आणि बोर्डिंग पास निघाला. सासूबाई आता बऱ्या आहेत. नातवाने आणलेलं चॉकलेट मधुमेह असूनही लपवून खातात.

तुमच्याबद्दल एक तक्रारही आहे. तुम्ही हे सगळं शनिवारी दुपारी, तुमच्या लायब्ररीच्या नोकरीतून मिळणाऱ्या सुट्टीत करता, आणि कुणी पाकीट पुढे केलं तर रागावता. मी तूप पाठवणार होते, तर मुलगा म्हणाला दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, विमानतळावरच काढून घेतात. तेव्हा भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला पाठवला आहे. भाजणीत यंदा धने थोडे जास्त पडलेत.

आमच्याकडे महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. दाखला किती दिवसांत द्यायचा हे भिंतीवर लिहिलेलं असतं, आणि अर्जदाराला पोच देणं आमचं काम आहे. तुमच्या फायलीपासून मी माझ्या टेबलावर एक बदल केला आहे. कुणी अर्ज आणून दिला आणि पोच न घेताच निघाला, तर मी हाक मारून परत बोलावते. शिपाई कुरकुरतो. कुरकुरू दे.

नवीन कार्ड आता आलंय. थीसिसही जमा झाला. पास झाल्यावर नोकरी शोधायला अठरा महिन्यांचा वेगळा परवाना मिळतो, त्याचा अर्जही आताचा संपायच्या आतच करायचा, हे फ्रिजवरच्या कागदावर त्याने स्वतःहून लिहिलं आहे. या वेळी तुम्हाला सांगावं लागलं नाही, याची नोंद घ्यावी.

आता एक विनंती. आमच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्यांची मुलगी ऑक्टोबरच्या सेमिस्टरला तुमच्याच शहरात येते आहे. तिचे वडील रोज तुमचा नंबर मागतात. तुम्हाला विचारल्याशिवाय दिलेला नाही. तुमची हरकत नसेल तर कळवा, म्हणजे देते. तोवर तिला एवढं सांगून ठेवलं आहे की तुमच्याकडे जाताना पासपोर्ट घेऊन जा आणि व्हिसाची तारीख पाठ करून जा.

आपली,
एका विद्यार्थ्याची आई