टोपणनावाचं विचारलंस म्हणून

कराड, रविवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस तेव्हा मी ‘बघू’ म्हणून टाळलं, कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. आज निवांत लिहिते. विज्ञानकथा स्पर्धेला पाठवायची, पण पुरुषाच्या नावानं. का, तर तुमच्या वाचनगटात कुणीतरी म्हणालं, मुलींच्या विज्ञानकथेत विज्ञान तोंडी लावण्यापुरतं असतं. त्या शहाण्याबद्दल मी इथं काही लिहीत नाही, कागद चांगला आहे.

नाव लपवणं म्हणजे भित्रेपणा, असं मात्र मला वाटत नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर! ज. वि. ना. उलटं केलं की ना. वि. ज. अक्षर ओळखलं जाईल म्हणून कथा त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी लिहून काढली होती. नावाच्या वजनाखाली कथा दिसेनाशी होऊ नये, एवढीच खबरदारी. पुढच्याच वर्षी आपल्या कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षपदावरून विज्ञानकथेची दखल घेतली. आणीबाणीतलं ते संमेलन लोक त्यांच्या बाणेदारपणासाठी आठवतात, आठवावंच. पण लोकसाहित्यात मुरलेल्या बाईंना कृष्णविवराची गोष्ट परकी वाटली नाही, याचं मला फार अप्रूप आहे.

तुझ्या अडचणीला जवळची गोष्ट अमेरिकेतली. १९६८ पासून तिथल्या मासिकांत जेम्स टिपट्री ज्युनिअर या नावानं विज्ञानकथा येऊ लागल्या. हे आडनाव मुरंब्याच्या बरणीवरून उचललेलं (खरंच!), आणि ‘ज्युनिअर’ नवऱ्यानं जोडलेलं. नवराबायको दोघंही पूर्वी सीआयएमध्ये, तेव्हा गुपित राखायची सवय होतीच. टिपट्रीला कुणी भेटलेलं नव्हतं, सगळा व्यवहार पत्रांनी. काही जणांना शंका आली की ही बाई असावी. १९७५ मध्ये रॉबर्ट सिल्व्हरबर्ग या नावाजलेल्या लेखकानं टिपट्रीच्या कथासंग्रहाला प्रस्तावना लिहिली आणि ती शंका हास्यास्पद ठरवली, या लेखनात म्हणे अस्सल पुरुषीपणा आहे. दोनेक वर्षांत उघड झालं की टिपट्री म्हणजे साठी ओलांडलेल्या अ‍ॅलिस शेल्डन. कथांमधला काना-मात्राही बदलला नव्हता. सिल्व्हरबर्गनं पुढं चूक मोकळेपणानं मान्य केली, हेही सांगायला हवं. सगळेच करत नाहीत.

पण अ‍ॅलिसबाईंनी ते नाव जवळजवळ दहा वर्षं सांभाळलं. मैत्रीच्या पत्रांखालीसुद्धा त्याच नावाची सही. विज्ञानकथा लिहिणाऱ्या अर्सुला ले गुइनशी इतका जिव्हाळ्याचा पत्रव्यवहार, आणि तिलाही ठाऊक नाही! ते ओझं मला पेलवलं नसतं. तुला एका कथेपुरतं घ्यायचं असेल तर खुशाल घे, पण त्या वाचनगटातल्या माणसासाठी घेऊ नकोस.

आता कथेबद्दल, कारण तू ते विचारायचं शिताफीनं टाळलंस. कोयनेच्या पाण्याखाली भूकंप ऐकणारं ते यंत्र मला आवडलं. पण पहिली पाच पानं त्याच्या वर्णनातच गेली, मी दोनदा चहाला उठले. तिसऱ्या पानावर ती धरणग्रस्त म्हातारी येते, बुडालेल्या घराचा उंबरा यंत्राला ऐकू येतो का विचारते, आणि तू तिला दोन ओळींत घालवून देतेस! तिला परत आण. विज्ञान कमी पडेल ही भीती त्या माणसानं घातली आहे ना? तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायलाच तुला सगळं विज्ञान लागेल.

आणि टोपणनावानंच पाठवणार असशील तर कथा तुझ्या नेहमीच्या ईमेलवरून धाडू नकोस, त्यात तुझं पूर्ण नाव आहे. मंगलाताईंसारखी हातानं लिहून देईन म्हटलं असतं, पण माझं अक्षर तुला माहीत आहे.

लाडू संपले की कळव.

तुझी,
आई