मम्प्सिमस

प्रिय सुध्या,

तुमच्या ऑफिसातले ते काका, ज्यांना चूक पुराव्यासकट दाखवली तरी "आम्ही पहिल्यापासून असंच करतो" म्हणतात, त्यांच्यासाठी इंग्रजीत एक जुनाट शब्द आहे, मम्प्सिमस. आता फारसं कोणी वापरत नाही, पण त्याची गोष्ट भारी आहे.

इरॅस्मस नावाच्या डच पंडिताने १५१६ साली बाझलमध्ये ग्रीक नवा करार छापला आणि शेजारी स्वतःचं लॅटिन भाषांतर दिलं, म्हणजे हजारेक वर्षं चर्चमध्ये चालत आलेल्या लॅटिन बायबलच्या सरळ चुकाच काढल्या, मग काय, लोक खवळले. त्याच वर्षी एका पत्रात त्याने एका पाद्र्याचा किस्सा लिहिला. प्रसाद घेतल्यावरच्या प्रार्थनेत "क्वोद ओरे सुम्प्सिमुस" अशी ओळ येते, "जे आम्ही मुखाने घेतलं". हे महाराज वर्षानुवर्षं "मुम्प्सिमुस" म्हणायचे, ज्याला लॅटिनमध्ये काही म्हणजे काही अर्थ नाही! पुढच्याच वर्षी रिचर्ड पेस या इंग्रज मुत्सद्द्यानेही तो किस्सा छापला, त्यात पाद्री ३० वर्षं तेच म्हणतोय आणि कोणी टोकलं तर सुनावतो, तुमच्या नव्या सुम्प्सिमुससाठी माझं जुनं मुम्प्सिमुस सोडणार नाही. आपल्याकडे आरतीतला चुकीचा शब्द सुधारायला गेलं की हेच ऐकायला मिळतं ना :) किस्सा इरॅस्मसच्या सोयीचा होता हे उघड आहे, विरोधकांना मूर्ख ठरवायला याहून बरं काय मिळणार. पण मला त्या म्हाताऱ्याचा राग येत नाही, रोज तोंडात बसलेलं असं सुटतं थोडीच.

१५३० मध्ये बायबल इंग्रजीत आणणाऱ्या टिंडलने तो शब्द वापरला, आणि मग चूकही मम्प्सिमस आणि ती न सोडणारा माणूसही मम्प्सिमस.

खरी मजा पुढे आहे. १५४५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी इंग्लंडचा राजा आठवा हेन्री पार्लमेंटमध्ये बोलायला उभा राहिला आणि म्हणाला, काहीजण जुन्या मम्प्सिमसला चिकटून बसलेत आणि काहीजण नव्या सम्प्सिमसच्या फार नादी लागलेत. म्हणजे बरोबर बोलणाऱ्यांनाही झापलं! आणि सांगतोय कोण, तर पोपशी भांडून स्वतःच चर्चचा प्रमुख झालेला, सहावं लग्न केलेला माणूस. तरी बोलला ते पटतं मला, कारण काकांच्या मागे हात धुवून लागणारे तुमचे ते नवे सुधारकही काही कमी डोकं खात नसणार.

काकांना मात्र हा शब्द सांगू नकोस, कौतुक समजतील.

तुझा,
संज्या