मोफत खत जरूर द्या, सोबत तपासणीचा कागदही द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्याच्या तोंडावर गच्चीतल्या कुंड्या भरायची वेळ आली की पालिकेच्या मोफत कंपोस्ट खतावरून इंदूरच्या आम्हा मराठी मंडळींत हमखास दोन तट पडतात. एक पक्ष म्हणतो, "कचऱ्याचं खत, त्यात मेथी लावून खायची का?" दुसरा म्हणतो, "आजोबांनी सोनखताला नाक मुरडलं नाही, तुम्हाला आत्ताच काय झालं?" ढिगात मुळात काय गेले होते, हे मात्र दोघेही विचारत नाहीत.

रोगजंतूंची धास्ती थोडी कमी केली तरी चालेल. ढीग वेळोवेळी पलटला आणि आत 55 अंश सेल्सिअसच्या वर उष्णता पुरेसे दिवस टिकली, तर बहुतेक जंतू आणि तणाचे बी मरते. शिसे, कॅडमियम, पारा यांचे तसे नाही. ते कुजत नाहीत, तापून नाहीसे होत नाहीत. एकदा कुंडीत आले की मुक्कामाला राहतात. रिचार्जचे जुने सेल, फुटलेली ट्यूबलाइट, भिंतीचे खरवडलेले रंग ओल्या कचऱ्यात पडले की ते तिथूनच येतात. इंदुरात घराघरांतून कचरा सहा प्रकारांत वेगळा घेतला जातो. देवगुराडियाचा 2022 साली सुरू झालेला, रोज 550 टन क्षमतेचा बायो-सीएनजी (कचऱ्यापासून इंधनवायू आणि सोबत खत करणारा) प्रकल्प अशा वेगळ्या केलेल्या ओल्या कचऱ्यावर चालतो. मिसळलेल्या कचऱ्यातून चाळून काढलेल्या खतापेक्षा असे खत मला कितीतरी भरवशाचे वाटते. मात्र जुने कचराडोंगर उपसून चाळलेली काळी माती म्हणजे खत नव्हे. ती कुणी खत म्हणून दिली तर भाजीला मुळीच घालू नये.

भरवसा वाटणे वेगळे आणि कागद हातात असणे वेगळे. शहरी कंपोस्टच्या मर्यादा 1985 च्या खत नियंत्रण आदेशात दिलेल्या आहेत आणि 2016 च्या घनकचरा नियमांतही दिलेल्या होत्या. किलोमागे शिसे 100 मिलिग्रॅम, आर्सेनिक 10, कॅडमियम 5, पारा 0.15, याहून जास्त नको. मर्यादा ओलांडलेले खत खाद्यपिकांना वापरू नये, असेही 2016 च्या त्या नियमांत म्हटले होते. मग मोफत पोत्यावर खत केव्हा, कशापासून झाले आणि तपासणीत काय आढळले, एवढ्या तीन ओळी का नसाव्यात? वाटपाच्या फलकावर पुढाऱ्यांचे चेहरे मावतात, तिथे शिशाचा आकडाही मावेल.

तोवर घरच्या घरी करता येण्यासारखे थोडे सांगते. पोते उघडल्यावर अमोनियाचा दर्प आला किंवा आतले खत कोमट लागले, तर ते कच्चे आहे. महिनाभर सावलीत पसरून मुरू द्यावे. शंका असेल तर एका कुंडीत नुसती माती आणि दुसरीत खत मिसळलेली माती घेऊन दोन्हींत मेथीदाणे पेरावेत. खताच्या कुंडीत उगवण निम्म्यावर आली किंवा रोपे पिवळी पडली, तर ते खत अजून लावण्याजोगे नाही. या खतात क्षारही बरेच असू शकतात, म्हणून कुंडीत चौथ्या हिश्श्याहून अधिक घालू नये. काचेचे तुकडे निघतात, त्यामुळे हातमोजे हवेतच. पाणी शिंपडून मगच चाळावे, धूळ नाकात जाता कामा नये. दमेकऱ्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे, घरात कुणीतरी रिकामे असतेच!

या घरगुती चाचण्या मात्र धातूंचा पत्ता देत नाहीत. त्याला प्रयोगशाळाच लागते. म्हणून अहवाल नसलेले खत मी जास्वंद, मोगरा, शेवंतीला बिनदिक्कत घालते. पालक, मेथी, मुळा यांना नाही, कारण कॅडमियम पानांत लवकर उतरते आणि मुळ्याला तर मातीच चिकटलेली असते. वांगी-टोमॅटोत त्या मानाने कमी उतरते, पण तिथेही आधी आकडे पाहायला आवडतील.

प्रत्येक पोत्यावर छापणे खर्चाचे वाटत असेल, तर वाटपाच्या जागी त्या खेपेच्या अहवालाची एक प्रत भिंतीला चिकटवावी. आम्ही चष्मा लावून वाचू आणि नातवंडांना मोबाइलवर फोटोही काढायला लावू.

आपली,
गच्चीवर बाग करणारी एक वाचक,
इंदूर